संसर्गजन्य आजारातील बालक आणि त्यास सांभाळणारी स्त्री : जबाबदारी कोणाची?
(नाशिक शहराच्या संदर्भात एक विवेचन)

गोषवारा :
नोकरदार कुटुंबातील मूल सांभाळण्यासाठी घरी येणाऱ्या स्त्रीने, त्या मुलास गोवर, कांजिण्या, गालगुंड यांसारखा संसर्गजन्य आजार झाला असता, कामावर यावे किंवा कसे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या प्रश्नाचे एकच उत्तर सर्व आजारांना लागू पडत नाही. रोगाच्या प्रसाराची रीत, त्या स्त्रीची रोगप्रतिकारशक्ती, तिच्या घरातील माणसे आणि तिची संमती या चार बाबींवर ते अवलंबून आहे. तथापि वैद्यकीय उत्तराच्या मागे एक आर्थिक प्रश्न दडलेला आहे. मुलाच्या आजारपणाचा भार रजा असलेल्याने उचलावा, की जिला रजाच नाही तिने, असा तो प्रश्न होय.

बीजसंज्ञा : बालसंगोपन, घरकामगार, संसर्गजन्य रोग, पाळणाघर, पगारी रजा.

१. प्रस्तावना

नाशिक शहरातील कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा नाशिक रोड या भागांत पती-पत्नी दोघेही नोकरी करीत आहेत, अशी कुटुंबे गेल्या काही दशकांत मोठ्या संख्येने वाढली. महाविद्यालये, बँका, शासकीय कार्यालये, सातपूर-अंबडचे कारखाने अशा ठिकाणी काम करणाऱ्या या पालकांची लहान मुले दिवसभर कोणाजवळ राहतात, हा प्रश्न घरातील आजी-आजोबा, पाळणाघर किंवा 'मुलाला सांभाळणाऱ्या मावशी' यांपैकी कोणातरी एका मार्गाने सोडविला जातो. यांपैकी तिसऱ्या मार्गाचा विचार समाजशास्त्रात घरकामगारांच्या वेतनाच्या अंगाने होतो. बालरोगशास्त्रात तो मुलाच्या पोषणाच्या अंगाने होतो. दोन्हींच्या सीमेवर असलेला एक प्रश्न मात्र सहसा चर्चेत येत नाही.

एक प्रसंग कल्पनेने समोर आणू. सोमवारची सकाळ आहे. तीन वर्षांच्या मुलीच्या अंगावर पाण्याने भरलेले पुरळ दिसते. डॉक्टर कांजिण्या असल्याचे सांगतात. आईचे दहा वाजता व्याख्यान आहे, वडिलांची कार्यालयात बैठक आहे आणि साडेनऊ वाजता मावशी दारात उभ्या आहेत. त्यांना काय सांगावयाचे? 'या' म्हणावयाचे, की 'आठ दिवस येऊ नका'? 'येऊ नका' म्हटले तर त्या आठ दिवसांचा खाडा धरावयाचा काय? आणि मुळात हा निर्णय घेण्यापूर्वी त्यांना काही विचारावयाचे काय? वाचकांपैकी अनेकांनी हा प्रसंग अनुभवला असेल. त्या वेळी घाईत घेतला जाणारा निर्णय सावकाशीने तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. सांभाळणे आणि शुश्रूषा

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. मूल सांभाळणे म्हणजे त्यास वेळेवर खाऊ घालणे, आंघोळ घालणे, झोपविणे, खेळविणे, पडू न देणे. आजारी मुलाची शुश्रूषा हे वेगळे काम आहे. औषधाची मात्रा मोजून देणे, ताप पाहणे, शरीरातील पाणी कमी होत आहे काय हे ओळखणे, श्वास जलद झाला किंवा झटका आला तर काय करावे हे ठाऊक असणे, ही त्या कामाची अंगे होत. रुग्णालयात पहिले काम आया करते आणि दुसरे परिचारिका करते. दोघींचे शिक्षण, वेतन व जबाबदारी भिन्न असते. घरात मात्र मूल आजारी पडले की पहिल्या कामासाठी ठेवलेल्या स्त्रीवर दुसरे काम आपोआप येऊन पडते. त्यासाठी ना वेगळे बोलणे होते, ना वेगळे वेतन ठरते.

यात मुलाचेही हित धोक्यात येते, हे लक्षात घेतले पाहिजे. उदाहरणार्थ, कांजिण्या किंवा इन्फ्लुएंझा झालेल्या मुलास अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण त्यामुळे यकृत व मेंदू यांवर परिणाम करणारा 'रे सिंड्रोम' हा दुर्मीळ पण घातक विकार होऊ शकतो. मुलाचे अंग तापले म्हणून घरातील मोठ्यांची गोळी अर्धी करून देणारी स्त्री दुष्ट नसते. तिला कोणी सांगितलेलेच नसते. तेव्हा 'मावशींनी आजारी मुलास सांभाळावे काय?' या प्रश्नात 'त्यांना ते शिकविले आहे काय?' हा उपप्रश्न अंतर्भूत आहे.

३. इतिहासातील दोन धडे

संसर्गाच्या काळात शुश्रूषा कोणी करावी, हा प्रश्न नवा नाही. इसवी सनपूर्व ४३० मध्ये अथेन्स नगरीत आलेल्या साथीचे वर्णन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीज याने केले आहे. जे त्या रोगातून बरे झाले होते तेच रुग्णांची सेवा निर्भयपणे करू शकत होते, कारण तो रोग एकाच व्यक्तीस दुसऱ्यांदा प्राणघातक ठरत नसे, असे निरीक्षण त्याने नोंदविले. रोगजंतूंची कल्पनाही नसलेल्या काळातील हे निरीक्षण आजच्या रोगप्रतिकारशास्त्राच्या मूलतत्त्वाशी जुळते. आपल्याकडे देवीच्या रोगाबाबतही हेच तत्त्व लागू होते. चेहऱ्यावर देवीचे वण असलेली व्यक्ती त्या रोगाच्या बाबतीत सुरक्षित असे. १९८० मध्ये देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले आणि ते वण आता केवळ वृद्धांच्या चेहऱ्यांवर उरले आहेत. तथापि त्यांतील तत्त्व कांजिण्या व गोवर यांच्या बाबतीत आजही उपयुक्त आहे.

दुसरा धडा महाराष्ट्रातीलच आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ, डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात, रुग्णसेवा केली. मुंढवा येथील एका प्लेगग्रस्त मुलास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. पुढे त्यांना स्वतःलाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगचा प्रसार उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत होतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये, म्हणजे त्यानंतरच्या वर्षी, दाखवून दिले. आपण नेमका कोणता धोका पत्करीत आहोत, हे त्या काळी कोणालाच पुरते ठाऊक नव्हते.

सावित्रीबाईंचे हे उदाहरण आपण आदराने सांगतो. मात्र त्यातून चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे. त्यांचे कार्य हा स्वेच्छेने केलेला त्याग होता. स्वेच्छा हाच त्याचा प्राण होता. महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या, 'नाही' म्हटल्यास काम जाईल या भीतीत असणाऱ्या स्त्रीकडून त्याच त्यागाची अपेक्षा करणे म्हणजे त्याग नव्हे, तर सक्ती होय. त्याग मागता येत नाही. तो दिला जातो.

४. रोगनिहाय विचार

'संसर्गजन्य' या एकाच शब्दाखाली आपण अनेक भिन्न स्वभावांचे रोग एकत्र करतो. निर्णयाच्या दृष्टीने त्यांचे चार गट करता येतात.

(अ) हवेतून पसरणारे रोग : गोवर हा ज्ञात रोगांपैकी सर्वाधिक वेगाने पसरणाऱ्या रोगांत मोडतो. प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांस लागण करू शकतो, आणि रुग्ण खोलीतून गेल्यावरही सुमारे दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. त्यामुळे साधा रुमाल किंवा साधा मास्क येथे पुरेसा ठरत नाही. कांजिण्याही श्वासावाटे व पुरळातील स्रावातून पसरतात. मुलांमध्ये सामान्यतः सौम्य असणाऱ्या कांजिण्या प्रौढांमध्ये तीव्र होतात आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. उष्ण कटिबंधातील देशांत लहानपणी कांजिण्या न झालेल्या प्रौढांचे प्रमाण शीत देशांपेक्षा अधिक आढळते, ही बाब आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. 'मोठ्या माणसांना काय होते?' हे घराघरांत ऐकू येणारे वाक्य त्यामुळे शास्त्रास धरून नाही.

(आ) थुंकी व शिंकेच्या तुषारांतून पसरणारे रोग : इन्फ्लुएंझा, गालगुंड, डांग्या खोकला हे या गटातील होत. डांग्या खोकल्यात धोक्याची दिशा बहुधा उलट असते. मोठ्या माणसाचा साधा वाटणारा, रेंगाळलेला खोकला तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

(इ) विष्ठा व हातांवाटे पसरणारे रोग : जुलाब-उलट्या, कावीळीचा 'अ' प्रकार, हात-पाय-तोंडाचा आजार यांचा येथे समावेश होतो. 'अ' प्रकारच्या कावीळीत लहान मुलांना पुष्कळदा लक्षणेच दिसत नाहीत. त्यांचे लंगोट बदलणाऱ्या प्रौढ व्यक्तीस मात्र तीव्र कावीळ होऊ शकते. या गटात साबण व वाहते पाणी हे सर्वांत प्रभावी साधन आहे. ते वापरण्यास वेळ व सोय दिली, तर काम बऱ्याच अंशी सुरक्षितपणे करता येते.

(ई) माणसाकडून माणसास थेट न पसरणारे रोग : डेंग्यू व चिकुनगुन्या यांना लोक 'साथीचे' म्हणतात. मात्र ते डासांमार्फत पसरतात. अशा मुलाजवळ बसल्याने किंवा त्याचे कपडे धुतल्याने लागण होत नाही. येथे प्रश्न संसर्गाचा नसून शुश्रूषेच्या कौशल्याचा असतो, आणि घरातील साठविलेल्या पाण्याचा असतो.

या सर्वांवर एक स्वतंत्र कसोटी लावली पाहिजे, ती गर्भावस्थेची. गर्भवती स्त्रीस रुबेला झाल्यास गर्भात गंभीर दोष उद्भवू शकतात. कांजिण्या व गोवर हेही तिला व गर्भाला धोकादायक असतात. अंगावर पुरळ आणि ताप असलेल्या मुलाच्या निदानाची निश्चिती होईपर्यंत गर्भवती स्त्रीने त्याच्या निकट राहू नये, हा नियम निरपवाद मानला पाहिजे. मात्र आपण गर्भवती आहोत हे पहिल्या महिन्यांत ती स्त्री मालकिणीस सांगत नाही, कारण सांगितल्यास काम जाईल अशी तिला भीती वाटते. म्हणून आजाराची माहिती तिला आधी मिळाली पाहिजे. तिने आपले कारण सांगावे अशी अट त्यासाठी असू नये.

५. लक्षणांपूर्वीची लागण

पालकांचा निर्णय सहसा असा असतो : पुरळ दिसले, आता मावशींना सुट्टी देऊ. परंतु गोवराचा रुग्ण पुरळ येण्यापूर्वी सुमारे चार दिवस आणि नंतर चार दिवस संसर्ग पसरवू शकतो. कांजिण्यांचा रुग्ण पुरळ येण्यापूर्वी एक-दोन दिवसांपासून सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत संसर्गकारक असतो. 'अ' प्रकारच्या कावीळीत तर लक्षणांपूर्वीचे दोन आठवडे सर्वाधिक संसर्गाचे असतात. याचा अर्थ असा की, निदान होते त्या सकाळी दारात उभी असलेली स्त्री पुष्कळदा आधीच रोगाच्या संपर्कात आलेली असते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, माहिती त्वरित देण्याचे महत्त्व. गोवराच्या संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस दिल्यास अनेकदा रोग टळतो किंवा सौम्य होतो. कांजिण्यांच्या बाबतीतही संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिलेल्या लसीचा उपयोग होतो. गर्भवतीस या लसी देता येत नाहीत. तिच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिपिंडांचे इंजेक्शन हा वेगळा उपाय असतो. 'थोडे अंगावर उठले आहे' असे मोघम सांगून दोन दिवस काढले, तर ही संधी कायमची निघून जाते. दुसरी गोष्ट, कांजिण्यांचा अधिशयनकाळ १० ते २१ दिवसांचा आहे. मालकाचे मूल बरे होऊन शाळेत जाऊ लागल्यानंतर ती स्त्री आजारी पडते आणि तोपर्यंत कारण व परिणाम यांचा संबंध कोणाच्या लक्षात राहत नाही. तिच्या आजारपणाचे दिवस मग 'मावशींचे खाडे' या सदरात जमा होतात.

६. भीतीची एकच दिशा

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे टाळेबंदी लागू झाली, तेव्हा अनेक शहरी गृहसंकुलांनी घरकामगार स्त्रियांना प्रवेश नाकारला. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव शहर त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत राज्यातील तीव्र प्रादुर्भावाच्या ठिकाणांपैकी एक होते, त्यामुळे भीती अनाठायी नव्हती. प्रवेश नाकारण्याचे वैद्यकीय समर्थनही करता येईल. परंतु त्या वेळचा युक्तिवाद नीट पाहिला पाहिजे. अनेक घरांत जाणारी व्यक्ती रोग एका घरातून दुसऱ्या घरात नेऊ शकते, असा तो होता. हाच युक्तिवाद मालकाच्या मुलास कांजिण्या झाल्यावर तितकाच खरा असतो. तीच स्त्री त्या घरातून दुसऱ्या घरी, आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी जाते. मात्र तेव्हा तिला 'येऊ नका' असे म्हटले जात नाही, कारण त्या दिवशी तिची गरज नेहमीपेक्षा अधिक असते. थोडक्यात, रोग तिच्याकडून आपल्याकडे येईल तेव्हा तो साथ ठरतो, आणि आपल्याकडून तिच्याकडे जाईल तेव्हा ती कामाची अडचण ठरते.

२०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. उद्रेकग्रस्त भागांत नऊ महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांना गोवर-रुबेला लसीची अतिरिक्त मात्रा देण्याचा, आणि लहान अर्भकांत रोगाचे प्रमाण अधिक असलेल्या ठिकाणी सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही एक मात्रा देण्याचा निर्णय त्या वेळी घेण्यात आला. नेहमीच्या वेळापत्रकानुसार या लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. म्हणजे नऊ महिन्यांखालील प्रत्येक बालक लसीच्या दृष्टीने असुरक्षित असते. सांभाळणाऱ्या स्त्रीच्या घरी असे तान्हे बाळ, तिचे स्वतःचे किंवा सुनेचे, असू शकते. आपल्या मुलाचा गोवर तिच्या पदराआडून त्या बाळापर्यंत पोहोचू शकतो. तिची मुले किती व केवढी, हा प्रश्न आपण कामावर ठेवताना ती नियमित येईल की नाही हे पाहण्यासाठी विचारतो. तोच प्रश्न येथे वेगळ्या हेतूने विचारला पाहिजे.

७. रजा कोणास आहे?

वैद्यकीय विचारातून बहुतेक वेळा एकच उत्तर पुढे येते, ते म्हणजे संसर्गाच्या तीव्र काळात मुलाजवळ आई किंवा वडील यांनी राहावे. हे उत्तर व्यवहारात का उतरत नाही, याचे कारण रजेच्या नियमांत आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांसाठी संपूर्ण सेवाकाळात १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. तिचा लाभ अनुदानित शिक्षणसंस्थांतील पूर्णकालिक शिक्षकांपर्यंत पोहोचला. पुरुष कर्मचाऱ्यास मात्र ही रजा पत्नी हयात नसल्यास किंवा ती अंथरुणास खिळलेली असल्यासच मिळते. आजारी मुलाजवळ बसणे हे आईचेच काम आहे, असे गृहीत धरूनच नियम लिहिला गेला. ज्या घरात आईची रजा संपली आहे तेथे वडिलांच्या किरकोळ रजेचा विचार होण्यापूर्वी मावशींचा विचार होतो, त्याचे मूळ येथे आहे.

आपल्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापिकेची स्थिती तर याहून बिकट आहे. तास घेतला तर मानधन, न घेतला तर नाही. तिचे मूल आजारी पडले, तर तिच्यापुढे आणि तिच्या घरी येणाऱ्या मावशींपुढे एकच पेच असतो. एकीचा तास बुडतो, दुसरीचा रोज बुडतो. या दोघींना परस्परविरोधी पक्ष समजून प्रश्न सुटणार नाही.

घरकामगारांसाठी 'महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८' अस्तित्वात आहे. नोंदणीकृत कामगारांना मंडळामार्फत साहाय्य देण्याची कल्पना त्यामागे आहे. २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांच्या काळात नोंदणीकृत घरकामगारांना १५०० रुपयांचे साहाय्य राज्य शासनाने जाहीर केले होते. परंतु आजारपणाची पगारी रजा देण्याचे बंधन या कायद्याने घरमालकावर येत नाही. कोविडकाळात आरोग्यकर्मींसाठी, आशा सेविकांसह, ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना केंद्र शासनाने केली, हे योग्यच झाले. रुग्णाजवळ जाणाऱ्याचा धोका समाजाने पत्करला पाहिजे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. घरात रुग्ण बालकाजवळ बसणारी स्त्री मात्र त्या तत्त्वाच्या कक्षेबाहेर राहिली.

घराचा उंबरठा ओलांडून कायदा आत जाऊ शकत नाही, असे म्हणणेही बरोबर नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरकामगारांच्या बाबतीत घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या हक्कांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्याकरिता समिती नेमण्याचे निर्देश केंद्र शासनास दिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकामगारांच्या सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिस्थितीचा हक्क नमूद आहे. भारताने त्या करारास अनुसमर्थन दिलेले नाही.

तुलनेसाठी स्वीडनचे उदाहरण पाहता येईल. तेथे आजारी मुलाजवळ राहण्यासाठी पालकांपैकी कोणासही प्रत्येक मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत सामाजिक विम्यातून भत्ता मिळू शकतो. मुलास नेहमी सांभाळणारी व्यक्ती आजारी पडली तरीही हा भत्ता मिळतो, ही बाब अधिक उद्बोधक आहे. सांभाळणारी व्यक्तीही आजारी पडू शकते, हे त्या व्यवस्थेने गृहीत धरले आहे.

८. पाळणाघराचा मर्यादित उपयोग

२०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. तथापि पाळणाघर कितीही उत्तम असले तरी गोवर किंवा कांजिण्या झालेल्या मुलास तेथे घेता येत नाही, आणि घेऊ नये. म्हणजे पाळणाघर निरोगी मुलाचा प्रश्न सोडविते. आजारी मूल पुन्हा घरी, आणि पर्यायाने मावशींकडेच येते. बालसंगोपनाच्या सर्व व्यवस्थांतून गळून पडलेला हा दिवस शेवटी सर्वांत कमी वेतन घेणारी व्यक्ती झेलते.

पाळणाघरांनी वापरलेली एक कसोटी मात्र घरासाठीही घेण्याजोगी आहे. मूल नेहमीच्या दिनक्रमात सहभागी होऊ शकते काय, त्यास लागणारी काळजी उपलब्ध व्यक्ती देऊ शकते काय, आणि इतरांना लागण होण्याचा धोका आहे काय, हे तीन प्रश्न ती कसोटी विचारते. साधी सर्दी या कसोटीतून उत्तीर्ण होते, गोवर होत नाही.

९. व्यवहार्य सूत्रे

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूत्रे सुचविता येतात :

१. कामावर ठेवतानाच, मूल निरोगी असताना, हे बोलणे व्हावे. त्या स्त्रीस कांजिण्या, गोवर होऊन गेले आहेत काय, कोणत्या लसी झाल्या आहेत, घरी तान्हे मूल, गर्भवती किंवा दीर्घ आजारी व्यक्ती आहे काय, हे आदराने विचारावे आणि विचारण्याचे कारण सांगावे. आवश्यक लस मालकाने स्वखर्चाने, तिच्या इच्छेनुसार द्यावी.

२. निदान होताच रोगाचे नाव स्पष्टपणे सांगावे. शक्यतो ती घरातून निघण्यापूर्वी फोनवर सांगावे. दारात आलेल्या माणसास नकार देणे अवघड जाते.

३. गोवर, कांजिण्या व इन्फ्लुएंझाच्या तीव्र काळात आई व वडील यांनी रजा वाटून घ्यावी. त्या काळात मावशींना पूर्ण पगारी सुट्टी द्यावी. तो खाडा नव्हे.

४. ज्या स्त्रीस तो रोग होऊन गेला आहे आणि जी स्वेच्छेने येण्यास तयार आहे, तिला येऊ द्यावे. मात्र तो शुश्रूषेचा दिवस मानून अधिक मोबदला द्यावा. औषधाचे नाव, मात्रा व वेळ लिहून द्यावी. तिला वाचता येत नसल्यास पालकांनी औषध स्वतः द्यावे. श्वास जलद होणे, मूल गुंगीत राहणे, पाणी न पिणे, झटका येणे या धोक्याच्या खुणा समजावून सांगाव्यात.

५. जुलाब, कावीळ व हात-पाय-तोंडाचा आजार यांत साबण, वेगळा नॅपकिन आणि हात धुण्यास पुरेसा वेळ द्यावा. तिचे जेवण मुलाच्या खोलीबाहेर व्हावे.

६. पुढील तीन आठवड्यांत ती त्याच रोगाने आजारी पडल्यास उपचाराचा खर्च व बुडालेले दिवस यांची जबाबदारी ज्या घरातून रोग आला त्या घराने घ्यावी.

७. हाच नियम उलट दिशेनेही पाळावा. तिला नागीण झाली असेल, रेंगाळलेला खोकला असेल किंवा तिच्या मुलास गोवर झाला असेल, तर ते तिने न भिता सांगावे, इतका विश्वास पगारी सुट्टीतूनच निर्माण होतो. ज्या घरात खाडा कापला जातो त्या घरात आजार लपविला जातो.

यावर एक आक्षेप संभवतो. सर्व कुटुंबांना हे परवडेल काय? मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबास आठ दिवसांची पगारी सुट्टी जड जाते, हे खरे आहे. परंतु तो खर्च टाळल्याने नाहीसा होत नाही. तो केवळ अधिक गरीब घरात सरकतो आणि तेथे तो उपचार, बुडालेला रोज व प्रसंगी गमावलेले काम अशा वाढीव रूपात भरावा लागतो. दुसरा आक्षेप असा की, पुष्कळ मावशी स्वतःहूनच येतात, कारण मुलावर त्यांचा जीव असतो. तो जिव्हाळा खरा असतो आणि त्याचा अनादर करू नये. मात्र जिव्हाळा आहे म्हणून माहिती व मोबदला यांची गरज संपत नाही, उलट जपण्याची जबाबदारी वाढते.

नाशिकपुरती एक सूचना करणे अप्रस्तुत ठरणार नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ व यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही दोन्ही विद्यापीठे याच शहरात आहेत. एकाकडे आरोग्यशिक्षणाचा, तर दुसऱ्याकडे औपचारिक शिक्षणाबाहेर राहिलेल्यांपर्यंत पोहोचण्याचा अनुभव आहे. मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांसाठी मराठीतून, प्रामुख्याने तोंडी व प्रात्यक्षिकांवर आधारित असा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम उभयतांनी तयार केल्यास, आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी तो वस्त्यांपर्यंत नेल्यास, सांभाळणे आणि शुश्रूषा यांतील अंतर काही अंशी कमी होईल.

१०. निष्कर्ष

मुलास सांभाळणाऱ्या स्त्रीने संसर्गजन्य आजारात काम करावे काय, या प्रश्नाचे सरसकट 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. डेंग्यूत ती निर्धास्त येऊ शकते. जुलाबात काळजी घेऊन येऊ शकते. गोवर व कांजिण्यांत, तिला तो रोग होऊन गेला नसेल किंवा तिचे पूर्ण लसीकरण झाले नसेल, तर तिने येऊ नये, आणि गर्भवती असल्यास कोणत्याही पुरळाच्या तापात येऊ नये. मात्र रोग कोणताही असो, त्याचे नाव जाणून घेण्याचा, नकार देण्याचा आणि नकार दिल्याबद्दल रोज न गमावण्याचा तिचा हक्क सर्व प्रकरणांत समान आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत हा हक्क त्या सकाळी दार उघडणाऱ्याच्या हाती आहे. महाविद्यालयीन शिक्षक हे रजेचे नियम, लसीकरणाचे वेळापत्रक व श्रमाचे मूल्य या तिन्हींशी परिचित असलेले वाचक आहेत. प्रारंभी वर्णन केलेल्या सोमवारच्या सकाळी, मावशींना आत घेण्यापूर्वी, 'मुलीला कांजिण्या झाल्या आहेत, तुम्हांला होऊन गेल्या आहेत का? नसतील तर घरी जा, पगार कापला जाणार नाही', एवढी वाक्ये आपल्यापैकी प्रत्येकास म्हणता येण्यासारखी आहेत.